निवडणुकीपुरती जमा

‘लेकराला माहेरी नेतेस, तर तुझ्या बाबांची बंदूक कुठं ठेवलेली असते ते आधी विचार,’ असं नणंदेनं बजावलं, तेव्हा वैभवीनं हसण्यावारी नेलं होतं. आज पारशिवनीच्या एसटीत लेकरू तिच्या मांडीवर झोपलं होतं आणि पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बोलत होतं. निवडणुकीपुरती जमा केलेली बंदूक पोलीस ठाण्यातून परत आणायला ते निघालं होतं.

"अजी, राहू द्या नं ठाण्यातच."

"अन् डुकरं? सारा हरभरा खाऊन टाकतीन."

"खाऊ द्या. बंदूक गेली तेव्हाच सून नातवाले घेऊन मुक्कामी आली."

"पेटीले कुलूप राहते म्हटलं नं तिले."

"अन् किल्ली खुंटीले! पोरगं स्टुलावर चढलं होतं, इसरले का? निवडणूक रोजच राह्यली पाहिजे."

"पागल झाली का वं?"

"कुशीत झोपे माह्या. अजून गोधडीले त्याचा वास हाये."

"धुतली नाही काहून?"

"तुम्हीच तं धुवू देऊन नाही राहिले. चला, ठाणं आलं, उठा."

"बस नं वं. पुढं उतरू."

वैभवीनं वडिलांना फोन लावला. "बाबा, बंदुकीच्या पेटीची किल्ली कुठं आहे?"

तुमचं लेकरू आज कोणाकडे खेळायला गेलं असेल, तर तुम्हीही एक फोन करून बघा.