हिरव्या शर्टाच्या कॉलरीत

...नाई, मले एक सांगा जी, लपून बसणाऱ्या माणसाईचं पिक्चर काढाले तुमाले आमचंच धानोरा सापडलं? पुण्यात काय लपाले जागा नाई? तिथं तं शेजारी कोण राह्यते हेई कोणाले माहीत नसते म्हणते! पण नाई. आले जीप घेऊन, आन थांबले कुठी? बस स्टँडसमोर, इनायत टेलर्स. माझ्याच दुकानाच्या तोंडावर!

तुमाले सांगतो, तीस वर्षं मी धानोऱ्यात मशीन चालवून राह्यलो ते एकाच गोष्टीवर. आपलं नाव कुठी आलं नाई पाहिजे! पोलिसाच्या तोंडात नाई, जंगलातल्या दादालोकाईच्या, म्हंजे नक्षलवाल्याईच्या तोंडात नाई. एकानं जरी 'इनायत चांगला माणूस हाये' म्हटलं, का दुसरा इचारते, 'ह्याले तो काऊन ओळखते?' बस! संपलं दुकान, संपला इनायत.

आन हा डायरेक्टर, सौमित्र का काय, दाढीवाला, धाडकन कापडाचा गठ्ठा टाकते टेबलावर. हिरवं! तेच हिरवं, दादालोकाईच्या वर्दीचं! तेही भर बाजाराच्या दिवशी! मी इस्त्रीची चादर ओढून टाकली त्याच्यावर, तं हा हसते. "घाबरू नका हो इनायतभाई. आमची छोटी, स्वतंत्र फिल्म आहे. भूमिगत क्रांतिकारकांचं आतलं एकटेपण टिपायचंय. परवानगी आहे आमच्याकडे." अरे बाबा, परवानगी तुझ्या खिशात हाये, वर्दी माझ्या टेबलावर हाये!

नाई म्हणून हात जोडले. तं त्यानं पिशवीतून एक नमुना काढला, गडचांदूरच्या कोण्या टेलरनं शिवलेला. या अल्ला! एक खांदा मूल गावाकडं चालला, एक खांदा धानोऱ्याकडं! असे कपडे घालून क्रांती नाई होत जी, लग्नात बँड वाजवते माणूस! आता तुमीच सांगा, असा खांदा पाहून कोणता टेलर गप बसन? म्हटलं, शिवतो. सात ड्रेस. पण शर्त एकच... आपलं नाव कुठी आलं नाई पाहिजे! तो छातीवर हात ठेवून म्हणते, "शब्द देतो. फिल्मच्या श्रेयनामावलीतसुद्धा येणार नाही."

घरी सुलतानाले सांगितलं, तं ती लाटणं घेऊनच उठली. "अजी, अक्कल घास चरने गई क्या? पुरे गाव में तुम्हीच मिले उनको?" मी म्हटलं, अवं, तो खांदा पाह्यला असता तं तुनंही शिवले असते.

दुकानाले पडदा लावून शिवले बाप्पा. डबल शिलाई, पक्के काज, बटनाले चार टाके. वर्दी कसली, नवरदेवाचे कपडे! आन त्याईनं काय केलं? नाल्यात बुडवले. चिखलात तुडवले. ब्लेडनं फाडले, माझ्या डोळ्यासमोर! "यांना जंगलाचा वास यायला हवा." अरे मंग गडचांदूरवाले काऊन नाई फाडले? ते तं शिवतानाच फाटले होते! असा राग आला ना, वाटलं ते ब्लेड घ्यावं आन त्याचीच दाढी...

शूटिंग पाहाले गेलो एकदा. मोहाच्या झाडाखाली सात जण बसले. कोणी बोलत नाई, कोणी उठत नाई. आन कॅमेरा? एकदा ठेवला का हलतच नाई! बैल बसला वाटते मधातच. मले वाटलं जेवणाची सुट्टी हाये, म्हणून इचारलं, "झालं का जी जेवण?" तं चारी बाजूनं अंगावर! "कट! कट! शॉट चालू आहे!" अरे, चालू हाये तं चालू द्या ना काईतरी त्याच्यात! वरून तो मुंबईचा हिरो मले बाजूले घेऊन म्हणते, "चाचा, कमर में थोडा लूज है." लूज? तू लपून बसला ना रे? मंग तुही कंबर कोण पाहून राह्यलं?

गेले एकदाचे. मी शुकराना पढला. आपलं नाव कुठीच आलं नाई!

साल गेलं, आन परत टपकले. गडचिरोलीच्या हॉलात पिक्चर दाखवणार, मले जीप पाठवली. गेलो. बसलो. आन बाजूच्या खुर्चीवर कोण? आमच्या ठाण्याचे साहेब! पोटावर टाइट वर्दीत, खांदा लोंबलेला. मी आपला पडद्याकडं पाहून राह्यलो, जसा मी माणूस नाई, खुर्चीच हाये.

पिक्चर सुरू. सात जण बसले हायेत. अजून बसले हायेत. मंग तो हिरो उठते, शर्ट धुते, उलटा करते, फांदीवर वाळाले टाकते. कॅमेरा शर्टाजवळ गेला... अजून जवळ... कॉलरीत शिरला... आन थांबला! सांगितलं ना तुमाले, थांबला का हलत नाई! आन पडद्यावर, बैलगाडीएवढ्या अक्षरात... "इनायत टेलर्स. बस स्टँडसमोर. धानोरा."

लेबल! अहो, हाताची सवय! कॉलर बसली का खाली लेबल, टीप मारली, धागा तोडला. तीस वर्षं! हात थोडी इचारते, हा शर्ट नवरदेवाचा का क्रांतीवाल्याचा? पुरा हॉल शाळेतल्या पोराईवानी मोठ्यानं वाचून राह्यला. धा-नो-रा! मी मनात कलमा पढून घेतला.

आन शेवटी नावं आली. ड्रायव्हरचं आलं, चायवाल्याचं आलं, माझे कपडे नाल्यात बुडवणाऱ्याचंही आलं. माझं नाई! शब्दाचा पक्का निंगाला हरामखोर! बाहेर गळ्यात पडून म्हणते, "इनायतभाई, ते लेबल म्हणजे फिल्मचा आत्मा आहे!" तुहा आत्मा रे, पण जीव माझा!

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. साहेब. "इनायत, उद्या ठाण्यात ये." माझी पोरगी इकरा डोळ्यासमोर आली, तिचं लग्न व्हायचं हाये अजून... तं साहेब म्हणते, "टेप घेऊन ये. काय खांदा बसवलाय रे!"

आली खाकी टेबलावर. यावेळी डाव्या हातानं उजवा हात पकडला आन लेबल नाई लावलं. तं शर्ट परत! "पिक्चरवालं लेबल कुठाय?"

आन परवा एक माणूस आला. कधी पाह्यला नाई त्याले. पिशवीतून हिरवं कापड काढलं, खाकीच्या बाजूले ठेवलं. मी म्हटलं, "पिक्चरवाल्याईचं का जी?" हसलाही नाई. माप घेतलं. सवयीनं इचारून बसलो, "नाव काय लिहू भाऊ?"

तो म्हणते, "माहं काऊन? तुमचं लावजा."

आता काय करता? नागपूरले नवीन लेबलं छापाले टाकून आलो. जरा मोठ्या अक्षरात. सापडाले सोपं गेलं पाहिजे ना... दोघाईले.