आठशे माणसांचे भोंगे आणि चार वॉटचं यंत्र

पुढं बसलेल्या बाळगोपाळांनो, डोळे मिटा बघू. मोठ्यांनी मिटले तरी चालेल, फक्त घोरू नका! मिटले? आता बघा — सुगी झालेलं मोकळं रान आहे. रानात कापडाचा भलामोठा तंबू. तंबूत आठशे माणसं मांडी घालून बसलीत. पुढं पांढरा पडदा, पडद्यामागं दोन भोंगे — माणसाएवढ्या लाकडी पेट्या आणि वर रुंद तोंडाचे कर्णे. पडद्यावरची आई पोराला हळूच विचारते, "जेवलास का रे?" आणि पार मागं बसलेली एक म्हातारी डोळ्याला पदर लावते. तिला ऐकू आलं! आलं ना? उघडा डोळे.

आता मंडळी, माझा प्रश्न ऐका. समोरच्यावर जोर किती लावायचा, हे कशावरून ठरवायचं? आपल्या मनगटावरून — की समोरच्याच्या कानावरून?

"हे काय विचारणं झालं महाराज, सोपं आहे!" सोपं असतं तर तुमच्या गल्लीत सकाळी सात वाजता इतका आरडाओरडा झाला असता का? हसू नका, मी त्याच गल्लीतून आलोय!

तर, कराडात एक श्रीपती थोरात. सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. ऐन उमेदीची तीस वर्षं फिरत्या तंबू टॉकीजमध्ये आवाजाचं यंत्र सांभाळलं. तंबू बंद झाला तेव्हा मालकानं विचारलं, "श्रीपती, तुला काय देऊ?" आण्णा म्हणाले, "ते दोन भोंगे द्या." बैलगाडीभर लाकूड घरी आलं! आणि तेव्हापासून वर चादर टाकून बैठकीच्या खोलीत उभं राहिलं.

सून सुलभा गुणाची. पण तिनं किती सोसावं? एका भोंग्यामागं झाडू जात नाही, दुसऱ्यावर इस्त्रीचे कपडे! शेवटी एका बुधवारी ती म्हणाली, "आण्णा, रागावू नका. पण हे वाजत नाहीत, बोलत नाहीत. रविवारपर्यंत घरात ऐकावंसं काही वाजलं, तर राहू देत. नाहीतर सोमवारी देऊन टाकू."

आण्णा "बरं" म्हणाले. पण त्या रात्री अंथरूण भोंग्यांजवळच टाकलं हो! माणूस म्हातारा झाला की त्याच्या उमेदीचा साक्षीदार कोण उरतो? आण्णांचे साक्षीदार दोन होते, आणि दोघंही लाकडी.

मुलगा जालिंदर म्हणाला, "आण्णा, काळजी सोडा. मी आहे ना!" जालिंदरचा धंदा मंडप आणि साऊंडचा. शनिवारी त्यानं टेम्पोतून आपला अॅम्प्लिफायर आणला. अॅम्प्लिफायर म्हणजे काय रे पोरांनो? बारीक आवाजात ताकद भरणारं यंत्र. हा हजार वॉटचा! दोघांनी उचलला, तिसरा मागून "सावकाश, सावकाश" म्हणत होता. मोबाइलची वायर जोडली. सुलभाला बासरी आवडते, म्हणून बासरी लावली. जालिंदरनं बटण केसभर — अहो केसभर! — फिरवलं...

धडाम! मांडणीवरची भांडी नाचली. शेजारचे पाटसकर टॉवेलवर धावत आले, "कुणाची मिरवणूक आहे?"

जालिंदरनं बटण पार मागं नेलं. बासरी गेली. पण भोंगे गप्प बसेनात! सूंऽऽऽ... सुलभा म्हणाली, "अहो, बासरी कुठाय? मला तर कुणीतरी भजी तळतंय असं ऐकू येतंय."

"मग याच्याहून मोठा आणतो," जालिंदर म्हणाला.

बघा! चूक कळली नाही की माणूस तीच चूक मोठी करून आणतो.

आण्णा उठले. भोंग्यावर चादर ओढली आणि अंगणात जाऊन बसले. त्यांची नात शर्वरी, वय वर्षं दहा, मागोमाग आली. सगळे तिला शरू म्हणत.

"आण्णा, तंबूतलं यंत्र किती वॉटचं होतं?"

"वीस."

"वीसशे?"

"अगं वीस! दोनावर एकच शून्य."

"आणि माणसं आठशे?"

"आठशे आतली. कनातीबाहेर उभं राहून फुकट ऐकणारी वेगळी!"

शरूनं घराकडं बघितलं. "आपण चौघंच आहोत, आण्णा."

म्हातारा हसायला लागला तो थांबेना. तीस वर्षं ज्यानं यंत्र चालवलं त्याला हे सुचलं नव्हतं! का? पलीकडच्या तंबूचं यंत्र पन्नास वॉटचं होतं, आणि आण्णांच्या मनात तो पन्नासचा सल तसाच राहिला होता. मोठं पाहिजे, मोठं पाहिजे!

मग आण्णांनी नातीला समजावलं. तुम्हीही नीट ऐका. साधा घरगुती स्पीकर असतो ना, तो आळशी गड्यासारखा. दहा-पंधरा वॉट ढकलावे तेव्हा जेवढा बोलतो, तेवढं हा भोंगा एका वॉटमध्ये बोलतो. कान टवकारूनच बसलाय बिचारा! त्याला यंत्रातली बासरी ऐकू जाते, तशी यंत्राच्या पोटातली गुरगुरही ऐकू जाते. मोठ्या यंत्राची गुरगुर मोठी. तीच ती भजी! आणि आणखी एक गंमत — वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही, जरासाच वाढतो. दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. मग पहिला एक वॉट किती मोलाचा!

"मग छोटं यंत्र कुठून आणायचं?" शरूनं विचारलं.

आण्णांनी कपाळाला हात लावला. "आणायचं कशाला? ट्रंकेत आहे की! तंबूत यंत्राच्या खोलीत मला एकट्याला ऐकायला होतं. चार वॉटचं. पण ते काय, माझ्या एका कानापुरतं..."

"तुमच्या कानाला चालत होतं ना?"

आण्णांनी ट्रंकच ओढून काढली! रविवारी सकाळी आजोबा आणि नात फरशीवर यंत्र उघडून बसले. दोन तारा नव्या घातल्या. जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या फडक्यानं पुसल्या. मागं तार जोडायच्या तीन खुणा होत्या. आण्णा म्हणाले, "नुसती ताकद जुळून भागत नाही, जोडही जुळावी लागते. नाहीतर यंत्र धापा टाकतं." भोंग्यांना साजेशी खूण त्यांनी शोधून घेतली.

संध्याकाळी सगळे बसले. शरूनं मोबाइलची वायर जोडून तीच बासरी लावली आणि बटण दाबलं. नळ्या तांबूस झाल्या. आवाज काहीच नाही!

"मेलं," जालिंदर म्हणाला.

सुलभानं आण्णांकडं बघितलं. आण्णांनी मान खाली घातली.

आणि तेवढ्यात सुलभानं चटकन दाराकडं वळून पाहिलं. कुणीतरी आत येऊन श्वास घेतल्यासारखं वाटलं तिला. दारात कुणी नव्हतं. तो वाजवणाऱ्याचा श्वास होता, मंडळी! ओठ बासरीला लावायच्या आधीचा श्वास! आणि मग सूर आला... अहाहा! भिंतीतून आल्यासारखा नाही, समोर बसून कुणी वाजवतंय असा.

जालिंदर उठून यंत्राजवळ गेला. "आण्णा, किती वॉट?"

"चार. त्यातला अर्धाही लागत नाहीये."

जालिंदरनं आपल्या हजारवाल्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि खो खो हसत सुटला. सुलभा मात्र हसली नाही. ती उठली, खोली डोळ्यांनी मोजली आणि म्हणाली, "अहो, उद्या तो सोफा बाहेर काढा. भोंग्यांना जागा कमी पडतेय."

आण्णांनी दोन्ही हात जोडले. देवाला की सुनेला, ते त्यांनाच ठाऊक.

आता हजार वॉटवाल्यांनो, रागावू नका. मैदान मोठं असेल, ऐकणारे हजारो असतील, तिथं तुमचंच काम! पण घरी गेल्यावर एवढं बघा — तुमचं पोर कान टवकारून बसलंय का? तुमच्या घरची बाई एका शब्दात समजते का? तुमचा म्हातारा बाप हळू बोललेलं ऐकतो का? मग हजार वॉट कशाला? त्यांच्यापर्यंत तुमचं प्रेम पोचत नाही हो, तुमची गुरगुर पोचते! देवाच्या नावाचंही तसंच. तो काही बहिरा नाही. म्हणा बघू सगळे, अगदी हळू — राम कृष्ण हरी... वा! बघा, देऊळ कसं भरलं!

आणि शरू? तिची गोष्ट राहिलीच की! सूर ऐकून गल्लीतली माणसं दारात जमली. जो तो म्हणू लागला, "पोरी, मोठा कर! जरा मोठा कर!" शरू उठली. यंत्राजवळ गेली. बटणाला हात लावला — आणि आवाज आणखी थोडा कमी केला. दारातली माणसं चपला काढून, पाय न वाजवता आत आली आणि तिच्याभोवती खाली बसली.