गारवडी घाटातली मागची सीट

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. गारवडी घाटाचं वरचं टोक. कार्तिकातली कृष्ण अष्टमी, चंद्र अजून उगवलेला नाही. रस्त्यावर एक मोटारसायकल आणि तिच्यावर एकटा निवृत्ती घोगरे.

आता ऐका. आणि ती विडी जरा पलीकडे ओढा हो पाटील, धूर सगळा माझ्या तोंडावर येतोय.

निवृत्ती खालच्या कोंढणी गावचा. नळाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायचं काम त्याचं. आईबाप लहानपणीच गेले, सोनावहिनीनं वाढवला. स्वतःच्या ताटातला घास याच्या तोंडात घातला तिनं. त्या रात्री त्याच वहिनीला विंचू चावला. तांबडा विंचू! अंगाला घाम, हातपाय गार, छातीत नुसती धडधड. गावच्या दवाखान्यात डॉक्टर होते, औषध नव्हतं. का नव्हतं, ते आत्ता विचारू नका. तो राग दुसऱ्या रात्रीचा आहे. डॉक्टर म्हणाले, "घाटमाथ्यावर गोळ्या मिळतील. लवकर आण रे बाबा."

निवृत्ती घाट चढला. गोळ्या घेतल्या, खिशात टाकल्या, खिशाला पिन लावली आणि उलट फिरला.

खिंडीत गाडीनं गचके दिले. पेट्रोल संपत आलेलं. त्यानं टाकीखालचा कॉक रिझर्व्हला फिरवला. पुढं नऊ किलोमीटर उतार, मग चार किलोमीटर सपाट. पुरेल? पुरेल बहुतेक. पण "बहुतेक"वर वहिनीचा जीव कसा टांगायचा?

तेवढ्यात उजेडात एक माणूस. हात वर केलेला. अंगात रेनकोट. कार्तिकात रेनकोट! पाऊस कुठला?

निवृत्ती थांबला नाही. थांबतो कशाला? पण वीस पावलं गेला असेल नसेल, गाडी मागून बसली. हँडल हलकं झालं. मागं माणूस बसला की गाडी जशी बसते ना, तशी. अगदी तशी!

मागं वळून बघायचं नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. निवृत्तीनं आरशात बघितलं. सीट रिकामी. आणि खांद्यावर हात. ओला, गार हात.

"दादा," मागून आवाज आला. गोड आवाज, पाहुण्यासारखा. "पेट्रोल कमी आहे ना? गाडी बंद करा. उतारच आहे. आपोआप जाईल."

बघा आता. त्यानं "गळा दाबू का?" विचारलं असतं, तर निवृत्ती सावध झाला असता. पण हे तर आपण सगळेच करतो! इथं बसलेल्यांपैकी उतारावर इंजिन बंद करून गाडी कोण कोण सोडतं? हात वर करा. अरे देवा! घ्या खाली ते हात, लाज वाटू द्या जरा.

निवृत्तीनंही तेच केलं. गाडी न्यूट्रल केली, चावी फिरवली. इंजिन गप्प झालं, आणि त्याबरोबर पुढचा दिवाही गेला. गाडी जुनी, इंजिन चालू तरच दिवा. आता काळोख आणि वारा. बस्स.

"छान," आवाज म्हणाला. "आता सोडा ब्रेक."

सोडतो कसा? पहिल्या वळणाला पाय ब्रेकवर. दुसऱ्या वळणाला पाय ब्रेकवर. तिसऱ्याला ब्रेक मऊ लागला. चौथ्याला जळका वास आला. पाचव्याला पाय खालपर्यंत गेला आणि गाडी थांबेना. पळतच राहिली! मागचं वजन वाढत होतं. एक माणूस, मग दोन, मग पोत्यावर पोतं टाकावं तसं. आणि तो ओला हात त्याला डावीकडं रेटत होता. डावीकडं दरी!

"चला दादा. आता मोरी येईल. तिथं उतरू आपण."

गोळ्या खिशात, वहिनी खाली खाटेवर, आणि निवृत्ती निघाला दरीत!

आणि तेव्हा त्याला जैनुद्दीन मिस्त्री आठवला. कोंढणीच्या नाक्यावरचा गॅरेजवाला. तोंडानं फाटका, हातानं सोनं. गाडी दुरुस्तीला नेली की शिव्या आधी, पाना नंतर. "उतारावर इंजिन हाच मोठा ब्रेक. तो बंद केलास की खाली राहते दोन चाकांची खाट! गाडीला गाडीनंच धरायचं, येड्या."

निवृत्तीनं क्लच दाबला. गियर टाकला, चौथा. चावी फिरवली.

"नको!" मागून किंकाळी. "नको, नको, नको!"

त्यानं क्लच हळूहळू सोडला. गाडीनं आचका दिला, मागचं चाक कुरकुरलं आणि इंजिन गरजलं. दिवा लागला! समोर मोरी, तिच्या कडेला पांढरे दगड. चुन्यानं रंगवलेले सात दगड, ओळीनं. त्यांच्यापलीकडं काही नाही. रस्ता उजवीकडं वळलेला, आणि गाडी सरळ दगडांवर.

तिसरा गियर. इंजिन ओरडलं. दुसरा. पुढचा ब्रेक बोटाबोटानं, हळू. गाडी थांबली तेव्हा पुढचं चाक दगडाला टेकलं होतं.

मागचं वजन उतरलं. दरीतून आवाज आला. आता गोड नव्हता, रडवेला होता. "माझी पण गाडी बंदच होती रे. मला कोणी सांगितलंच नव्हतं."

निवृत्तीनं हात जोडले. भुताला जोडले की दगडांना, त्याचं त्यालाही कळलं नाही. मग इंजिन चालू ठेवून, दुसऱ्या गियरमध्ये, गाव गाठलं. पेट्रोलही पुरलं.

वहिनी वाचली. पहाटे डोळे उघडून म्हणाली, "भावोजी, जेवलात का?" हा पोरासारखा रडला.

सकाळी नारळ घेऊन मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीनं नारळाकडं बघितलंच नाही. मागच्या चाकाला हात लावला. "ब्रेकचा ड्रम जाळलास. बंद करून उतरलास ना? गाढव!"

"चाचा, ते दगड तुम्ही रंगवता?"

"मग कोण रंगवणार? सात गाड्या दोरानं ओढून वर काढल्यात मी तिथून. एका गाडीला एक दगड. पहिला रेनकोटवाला होता, बिचारा." मग नारळ फोडला, अर्धा निवृत्तीच्या हातात दिला. "वहिनीला ने. आणि दर दिवाळीला चुना कालवायला येत जा."

तेव्हापासून निवृत्ती जातो. एकही दिवाळी चुकली नाही.

तेव्हा बाबांनो, रात्री त्या घाटानं जाऊ नका. जावंच लागलं, तर इंजिन बंद करू नका, मागून कोणी कितीही गोड बोललं तरी. आणि मोरीवर दगड दिसले की मिस्त्रीचं नाव घ्या.

दगडांच्या अलीकडं एक लोखंडी पाटी आहे, तीही वाचा. "संरक्षक कठड्याचे काम पूर्ण." कठडा तिथं कधीच नव्हता. पाटी मात्र दोनदा नव्यानं रंगवलेली आहे. कोणी रंगवली, हे मी बांधकाम खात्याला तीनदा लेखी विचारलं. उत्तर आलेलं नाही.