पाच डब्यांचा शब्द

— नाई, नाई, उठू नका भाऊ, गोंदियाची गाडी अजून यायची आहे. माझी? मी गाडीसाठी येतच नाई — घरी मोबाइल टॉवर पकडत नाई, नागभीड ठेसनाच्या या एका बाकावर पकडते, म्हणून येतो. आज नातीचा वाढदिवस. फेमके नाव तिचं — माझ्या रंजीताची पोरगी, हॉलंडात राहते. मराठी येत नाई तिले. काऊन शिकवली नाई म्हणून रंजीताशी भांडलो, जावयाशी भांडलो — काय झालं? फोनवर मी दिसलो की पोरगी हात हलवते अन् पळते. म्हणून यंदा त्यांचा शब्द शिकलो. वाढदिवसाची पार्टी — तिकडं तो एकच शब्द, मालगाडीसारखा जोडलेला. ऐका — फर-यार-दाख्स-फे-श्ये. जोर ‘यार’वर, बाकीचे डबे त्याच्यासंगं ओढत न्यायचे. सगळ्यांवर सारखा जोर दिला की झालं, तिले कळणारच नाई. हसता काय? वार्ताहर होतो मी. कुरखेड्याहून ट्रंककॉलवर गावांची नावं तोडून तोडून, गळा फाडून सांगितली — नागपूरचा डेस्कवाला तरी चुकीचंच छापे, अन् गावात शिव्या मी खाये. तोडून बोलणं माझा धंदाच — थांबा, आला फोन.

फेमके... फर-यार-दाख्स-फेश्ये...

या... या, या... या.

कटला फोन.

पाहिलं ना भाऊ? पळाली नाई. कळलं तिले — इतकं कळलं की तिले वाटलं, आबाजीले सगळंच येते. बोलतच सुटली — पडलेला दात दाखवला, केक दाखवला — अन् मले एक अक्षर समजन तर शपथ. मी आपला ‘या, या’ — म्हणजे हो, हो. शेवटी बाजूची रिकामी खुर्ची दाखवली, आवाज वर गेला, अन् थांबली. प्रश्न होता तो. जन्मभर प्रश्नच विचारले, ओळखतो मी. तरी हो म्हणलो. उड्या मारत गेली आईले सांगाले.

खुर्चीचं... पार्टीले ये, इथं बस, असं म्हणाली का मले? नाई, दुसरंच काई असन. रंजीताले विचारू? विचारलं की पोरीले कळन, आबाजीले काईच येत नाई — मग पुढच्या खेपेला पुन्हा हात हलवन अन्...

लागली तुमची गाडी. जा भाऊ. जा ना, जागा भेटत नाई मग.