एवढीशी चीर आणि अख्खी गल्ली

एवढीशी चीर हो, एवढीशी! शेळीला गवत कापताना विळा लागला बोटाला. स्वच्छ पाण्यानं धुतलं, कुंपणावरच्या बिनाहोंगच्या वेलीचं पान चुरगाळून बांधलं, विषय संपला... पण तुम्हाला सांगतो, आमच्या जावा बेटावर असा विषय संपतो होय? कुणाला खरचटलं तरी अख्खी गल्ली बघायला येते, आणि आलेल्याला चहा नि तळलेली केळी दिल्याशिवाय हलू द्यायचं नाही!

आणि माझा जीव कुठं अडकलेला? चार दिवसांवर गावच्या उत्सवातला बाहुल्यांचा खेळ. आयुष्यभर मागं बसून घंटा बडवल्या, यंदा पहिल्यांदा केंदांग, म्हणजे आपला मृदंग हो, माझ्या मांडीवर येणार होता!

रुमिया काकू आल्या. "अगं बाई, बिनाहोंग? विड्याच्या पानांचं पाणी लाव, सरवोनो!" सोडलं, धुतलं, बांधलं. पाठोपाठ लेगिमानदादा. "विड्याची पानं खायला! हळद थाप, हळद!" सोडलं, थापलं, बांधलं. मग मेहुणा टेम्पो भरून माणसं घेऊन आला, सोबत केळीचा खुंट. "याचा चीक लावा, दाजी!" आता तोंडावर नाही कसं म्हणणार? आमच्यात नको असलं तरी 'हो'च म्हणायचं, समोरच्यानं ओळखायचं! कोण ओळखतंय? बोटाचं झालं वांगं, आणि आत काय, तर एवढीशी चीर!

शेवटी आला गिमिन. माझा चेला. मान खाली घालून म्हणतो, "दादा, दुखत असेल ना... तुमच्या जागी मी बसू का?"

मनात ओरडलो, नको रे मेल्या! तोंडातून काय निघालं? "हो हो, बस की."

खेळाच्या दिवशी सगळा पाला सोडला. जखम गायब! गल्लीत भांडण, माझ्या हळदीनं की तुझ्या विड्यानं! मी धावतो मांडवाकडं, तर गिमिन मृदंग मांडीवर घेऊन, डोळे मिटून असा रंगलाय... बापरे, काय हात! वाईट वाटलं हो, रडूच आलं, पण पोरगं वाजवत होतं झकास. कसं उठवणार?

घरी आलो. अंगणात बोट बघायला आलेली नवीन मंडळी. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, बोट बरं झालं ना? मग बसा इथं!"

झालं हो बरं. केळी सोलतोय.