दोरा ओवलेल्या सुया

काय सांगू बायांनो, यंदा दिवाळीला सासूबाईंसाठी मी हिमरूची शाल घेतली, तीसुद्धा चार दुकानं पालथी घालून. त्यांनी हात फिरवला, "चांगली हाय" म्हणाल्या अन् ठेवून दिली.

मग पुण्याहून आलेल्या माझ्या धाकट्या जावेनं त्यांना एक डबा दिला. आत नुसत्या सुया, प्रत्येकीत दोरा ओवलेला!

"आई, गोधडी शिवताना तुम्हाला दोरा ओवायला दिसत नाही ना?"

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी! अन् इथं रोज दोरा ओवून देतं कोण? मी!

दिवाळी उरकून जाऊ निघाली, तर सासूबाई म्हणतात, "माझ्या गुणाच्या सुनेला रिकाम्या हातानं कशी लावू?" अन् माझी शाल तिच्या खांद्यावर टाकली.

वर मलाच विचारतात, "हिला लई शोभती, नाय गं?"