पाच टाके आणि एक बटण

नाही, पण मी म्हणतो, टाका म्हणजे टाका ना हो? सुई आत, सुई बाहेर, दोरा ओढला, संपलं! पण आमच्या घरात एवढंसं काही सरळ असेल तर शपथ! आता मी पुस्तकं बांधणारा माणूस. माझा टाका कसा, दाभणाचा, मेण लावलेल्या दोऱ्याचा, पुस्तक भिरकावलं तरी पान सुटता कामा नये. आणि बायको कपडे शिवणारी. तिचा टाका कुणाला दिसला तर तिला झोप नाही! "अहो, दिसतो तो टाका कसला? सुतळीने बांधलेलं गाठोडं ते!" हे माझ्या कामाबद्दल बरं का. लग्न झाल्यापासून ऐकतोय.

तर तुम्हाला सांगतो, मागे काचेची बरणी धुताना फुटली आणि हिचं बोट कापलं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं, सुई धरायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका काकू, पाच टाके घातलेत, नंतर काढून टाकू." झालं! "काढायचेच होते तर घातले कशाला?" म्हटलं, अगं, तुझा कच्चा टाका नाही का, पक्की शिलाई झाली की काढतेस? तशी जरा शांत झाली... तेवढ्यात मेहुणीचा फोन! ती विणकामवाली. "ताई, जपून हं! एक टाका सुटला की सगळं उसवत जातं!" अगं बाई, माणूस आहे तो, स्वेटर नाही! टाका म्हणजे टाका ना हो? पण ही जी हात उशीवर ठेवून बसली, ती हलेचना.

टाके निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाकवा बोट." वाकेना! "रोज वाकवायचं काकू, नाहीतर आखडून बसेल." रोज? ही कुणाला हात लावू देईना! उसवेल म्हणे. मशीनवर चादर टाकली, सुयांचा डबा कपाटावर ठेवला. "आता नाही व्हायचं माझ्याच्याने," एवढंच म्हणाली हो. त्या मशीनची खडखड थांबली तर घर असं गप्प झालं की मला काही सुचेना.

त्यात माझ्या शर्टाचं बटण तुटलं. तिला कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, टाका म्हणजे टाका! घेतलं दाभण, घेतला मेणाचा दोरा, मारले वेढ्यांवर वेढे, वर तीन गाठी. शर्ट घालून तिच्यासमोरून गेलो मात्र... "थांबा! बटण आहे की खुंटी? काढा तो शर्ट! आधी काढा!" डबा खाली आला, छोटी कात्री बाहेर आली, आणि ही चवताळून माझं बटण उसवायला बसली. आणि बोट वाकतंय! कळ येतेय, डोळ्यांत पाणी येतंय, तोंडाने माझा उद्धार चाललाय, पण सोडतेय कुठली? मी आपला उघडा बसून बघतोय, माझेही डोळे भरलेले. "तुम्हाला काय झालं रडायला?" म्हटलं, थंडी वाजतेय गं.

दुसऱ्या दिवशी मी आणखी एक बटण तोडलं. मग रोज एक! शर्ट संपले तेव्हा उशांच्या अभ्र्यांकडे वळलो.

ती बघा, मशीन चालू आहे, ऐकू येतंय ना? बोट आता छान वाकतं. सरळही होतं, अगदी ताठ... कारण बटणं कोण तोडत होतं ते काल तिला कळलं, आणि तेव्हापासून ते माझ्याकडेच रोखलेलं आहे!